गजपतिशास्त्रींची दुसरी प्रत

आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासाच्या तीन महिन्यांत, आमच्या सोलापूरच्या बुधवार पेठेतल्या विहारांमधून संध्याकाळी बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालतं. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. दिवसभर कामाने दमलेल्या माणसाला ऐकता ऐकता पेंग येते. मला तर हमखास येते. म्हणून वर्षावासात मी घरी बसून धम्मपद उतरून काढतो. मूळ पाली गाथा, देवनागरीत, लांब रेघी वहीत, शाईच्या पेनाने. सव्वीस वग्ग म्हणजे प्रकरणं, चारशे तेवीस गाथा. लिहायची ती नीट, खाडाखोड न करता.

मी जन्मभर जुळारी होतो. नव्या पोरांना हा शब्द कळत नाही, तेव्हा सांगतो: छापखान्यात शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवणारा तो जुळारी. सोलापुरात गिरण्या होत्या तसे छापखानेही गल्लोगल्ली होते. लग्नपत्रिका, नाटकांची हँडबिलं, पतपेढ्यांचे अहवाल, देवळांच्या आरत्या, सगळं या हातांनी जुळवलं. त्यामुळे हाताने उतरवणं म्हणजे काय, हे मला भाविकाआधी मजुराच्या बाजूने कळतं. वाचताना डोळा पुढे पळतो. उतरवताना त्याला एकेका अक्षरापाशी थांबावंच लागतं.

“काका, झेरॉक्स काढा की,” असं शेजारची पोरं म्हणतात. त्यांना झेरॉक्सच्या कितीतरी आधीची हकीकत सांगावी लागते.

बुद्धवचन पहिली काही शतकं कुणी लिहून ठेवलेलंच नव्हतं. ते भिक्षूंच्या तोंडी होतं. श्रीलंकेत इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकात, वट्टगामणी राजाच्या काळात, दुष्काळ आणि लढायांनी पाठांतर असलेले भिक्षूच राहतात की नाही अशी वेळ आली. तेव्हा अलुविहार इथे त्रिपिटक ताडपत्रांवर उतरवण्यात आलं, अशी तिथली परंपरा आहे. पुढे महायान सूत्रांनी तर सांगूनच टाकलं की सूत्र लिहिणं, लिहवून घेणं, दुसऱ्याला लिहून देणं हे मोठं पुण्य. पाल राजांच्या काळात बिहार-बंगालमध्ये लिहिलेल्या प्रज्ञापारमितेच्या पोथ्यांच्या शेवटच्या पानावर हे दान कुणाचं ते नोंदलेलं असतं आणि याचं पुण्य आईवडिलांना, गुरूला नि सर्व प्राण्यांना लाभो, अशी इच्छा असते. ब्रह्मदेशच्या मिंडॉन राजाने १८६० च्या दशकात मंडालेच्या कुथोडॉ पॅगोड्यात अख्खं त्रिपिटक संगमरवरी शिळांवर कोरून घेतलं. त्या शिळा ७२९ आहेत आणि प्रत्येकीवर स्वतंत्र छोटी घुमटी आहे. वाळवी लागू नये नि आग लागली तरी जळू नये, हा राजाचा हिशेब.

पण मला सगळ्यांत जवळची वाटते ती जपानची हकीकत. आठव्या शतकात नारा राजधानीत सूत्रं उतरवण्याचे सरकारी कारखानेच होते. लेखनिकांना पानावर मजुरी, आणि अक्षर चुकलं किंवा गळलं की मजुरीत कपात. त्या कारखान्याचे कागद शोसोइन नावाच्या भांडारात टिकले आहेत. त्यात लेखनिकांच्या मागण्यांचा एक मसुदा आहे. कागद पुरत नाही तेव्हा नवे लेखनिक भरू नका. अंगावरचे कपडे जुने झालेत, धुतले तरी वास जात नाही, नवे द्या. महिन्याला पाच दिवस सुट्टी द्या. जेवण सुधारा. दिवसभर बसून पाय भरून येतात, त्यावर थोडी मद्याची सोय करा. ज्या गावात बापाने गिरणीत पाळ्या भरल्या नि पोराने संपाच्या सभा ऐकल्या, त्या गावच्या माणसाला हा कागद परका वाटणार नाही. बाराशे वर्षांपूर्वीचे हे पुण्यवंत लेखनिक मांडी घालून बसायचे आणि त्यांचे पाय आपल्यासारखेच दुखायचे.

जपानात हा प्रकार अजून चालू आहे. नाराच्या याकुशिजी मठाचं मुख्य मंदिर शतकांपूर्वी जळालं होतं. १९६८ साली तिथले प्रमुख ताकादा कोइन यांनी लोकांना आवाहन केलं: हृदयसूत्र हाताने उतरवा आणि सोबत हजार येन द्या. हृदयसूत्र छोटं, चिनी अक्षरांत पावणेतीनशेच्या आतबाहेर. दहा लाख प्रतींचं लक्ष्य होतं. बड्या कंपन्यांकडे हात पसरण्याऐवजी लाखो घरांतून आलेल्या या कागदांवर १९७६ मध्ये मंदिर उभं राहिलं. भक्ती आणि वर्गणी यांची अशी सांगड आपल्याकडच्या मंडळांनाही शिकण्यासारखी आहे, पण ते राहू द्या.

आता महाराष्ट्राकडे वळावं तर आमच्या हाती काय उरलं? लेणी उरली, पोथ्या गेल्या. कान्हेरीला एकोणिसाव्या शतकात वेस्ट नावाच्या इंग्रजाला वाळलेल्या मातीच्या मुद्रा सापडल्या. त्यांवर बुद्धाच्या शिकवणीचं सार सांगणारी गाथा चिमुकल्या अक्षरांत उमटवलेली होती. लिहिता न येणाऱ्या यात्रेकरूलाही पुण्य मिळावं अशी ही सोय असणार. सोलापूरजवळच्या तेर गावचं विटांचं त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह असावं, असं अभ्यासक मानतात. तिथेही कुणी पोथी उतरवत बसलं असेल, पण पान एकही नाही. गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी पाली शिकायला १९०२ साली थेट सिंहलद्वीपाला गेले. घरात नसलेली वस्तू परगावाहून आणावी तसं आमचं शास्त्र सिंहली, ब्रह्मी लिपीतून परत आलं. बाबासाहेबांनी पालीचं व्याकरण आणि शब्दकोश रचला. तो १९९८ मध्ये त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात छापला गेला. आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची मूळ इंग्रजी प्रत दिल्लीत नानकचंद रत्तूंनी टाइप केली. दिवसा सरकारी नोकरी, संध्याकाळी बाबासाहेबांकडे टंकलेखन. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद बाबासाहेबांनी जवळ ठेवायला सांगितले होते. रत्तू हे माझ्या लेखी आमच्या काळातले पहिले धम्मलेखक.

पण शास्त्र हाताने उतरवणं हे व्रत, हा धंदा आणि हा झगडाही कसा असतो, हे समजून घ्यायला सोलापूरकराला जपानला जायला नको. ती कथा आपल्याच गावची आहे. ती बौद्धांची नाही, शेजारच्या जैनांची आहे. आणि गावातल्या फार थोड्यांना माहीत आहे.

हिराचंद नेमचंद हे नाव मात्र सर्वांना ठाऊक. त्यांच्या नावाचं कॉमर्स कॉलेज आहे आणि जहाजं, विमानं, साखर कारखाने उभारणाऱ्या वालचंदांचे ते वडील. हे हिराचंद नेमचंद दोशी दिगंबर जैन समाजातले जाणते गृहस्थ. त्यांनी ‘जैन बोधक’ हे मासिक सोलापुरातून काढलं. १८८३ साली त्यांचे स्नेही, मुंबईचे शेठ माणिकचंद, यात्रेला कर्नाटकात मूडबिद्रीला गेले. तिथल्या बसदीत म्हणजे जैन मंदिरात ताडपत्रांच्या जुन्या पोथ्या होत्या: धवला, जयधवला आणि महाधवला.

त्या पोथ्या म्हणजे काय, ते दोन शब्दांत सांगतो. गिरनारच्या गुहेत राहणाऱ्या धरसेन आचार्यांना वाटलं की महावीरांच्या परंपरेतलं जे ज्ञान आपल्याला मुखोद्गत आहे ते आपल्याबरोबर जाईल. त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन शिष्यांना ते शिकवलं आणि त्या दोघांनी षट्खंडागम हा सूत्रग्रंथ रचला. तो पूर्ण झाला तो दिवस ज्येष्ठ शुद्ध पंचमीचा. अजूनही श्रुतपंचमीला दिगंबर जैन ग्रंथांची पूजा करतात. अलुविहारची भीती आणि गिरनारची भीती एकच होती. या सूत्रांवर नवव्या शतकाच्या सुरुवातीला वीरसेनांनी लिहिलेली टीका ती धवला. प्राकृत आणि संस्कृत मिसळलेली, बहात्तर हजार श्लोकांइतकी लांब. इथे श्लोक म्हणजे कविता नव्हे, ते माप आहे. बत्तीस अक्षरांचा एक श्लोक धरायचा आणि त्यावर लेखनिकाची मजुरी ठरायची. गुणाकार करून पाहा: तेवीस लाख अक्षरं होतात. आणि ही फक्त धवला. जयधवला साठ हजार श्लोकांची, ती वेगळीच.

जगात या ग्रंथांच्या जुन्या प्रती उरल्या होत्या त्या फक्त मूडबिद्रीत. लिपी जुनी कानडी. ती वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पोथ्या पूजेत होत्या, वाचनात नव्हत्या. यात्रेकरूंना दर्शन मिळे. तेवढ्यावर शतकं गेली होती.

माणिकचंदांनी ही गोष्ट हिराचंदांच्या कानावर घातली. पुढच्याच वर्षी, १८८४ साली, हिराचंद स्वतः मूडबिद्रीला गेले. श्रवणबेळगोळच्या ब्रह्मसूरी शास्त्रींना ही लिपी येत होती. त्यांनी धवलेचा आरंभ शेठजींना वाचून दाखवला. पानं जीर्ण होत चालली होती. प्रत काढलीच पाहिजे हे त्याच भेटीत ठरल्यासारखं झालं, पण मुहूर्त लागायला बारा वर्षं गेली. वर्गणी जमवायची, मूडबिद्रीच्या पंचांचं नि मठाधिपती भट्टारकांचं मन वळवायचं, माणूस शोधायचा. १८९६ मध्ये लिहिण्याला सुरुवात झाली. ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती शास्त्री लिहायला बसले. ब्रह्मसूरी थोड्याच काळात वारले. मग गजपतिशास्त्री एकटे लिहीत राहिले. धवला आणि जयधवला नागरीत उतरवायला सोळा वर्षं लागली. मूडबिद्रीच्या मंडळींनी शेजारी एक कानडी प्रतही करून घेतली. महाधवलेसह सगळं काम संपायला १९२२ साल उजाडलं.

जैनांमध्ये चार दानं सांगितली आहेत: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. शास्त्रदान म्हणजे ग्रंथाची प्रत करवून ती साधूला किंवा मंदिराला देणं. दहाव्या शतकात कर्नाटकातल्या अत्तिमब्बे नावाच्या बाईंनी पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती स्वखर्चाने लिहवून वाटल्या, म्हणून त्यांचं नाव आजही घेतात. हजार प्रती लिहिणाऱ्या लेखनिकांपैकी एकाचंही नाव कुणी घेत नाही. पुण्याच्या खातेवहीत दाता वरच्या ओळीला आणि लिहिणारा कुठेच नाही, ही रीत सगळ्याच धर्मांत दिसते. लेखनिकांनी तिचा सूड जुन्या पोथ्यांच्या शेवटी एका ठरावीक श्लोकातून उगवला आहे: पाठ, कंबर नि मान मोडून, नजर खिळवून, तोंड खाली घालून हे कष्टाने लिहिलं आहे, तेव्हा जपा. आणखी एका श्लोकात पोथीच सांगते की मला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून वाचवा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. सैल बांधणीचा उल्लेख वाचला की मला आमच्या बाइंडरची आठवण येते.

आता खरी गोष्ट. मूडबिद्रीत केलेल्या प्रती मूडबिद्रीतच राहायच्या, बाहेर न्यायच्या नाहीत, असा तिथल्यांचा दंडक होता. म्हणजे सोलापूर-मुंबईच्या वर्गणीतून, पंडिताच्या सोळा वर्षांच्या मानमोडीतून जे निर्माण झालं ते पुन्हा त्याच कपाटात. आणि गजपतिशास्त्रींनी तेव्हा काय केलं? दिवसाच्या कामाखेरीज घरी एक गुप्त प्रत तयार केली, कानडी लिपीत. त्यात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांना मदत करत. बाई विदुषी होत्या. त्या काळी मिरजेकडच्या एका पंडिताची बायको प्राकृत सिद्धांतग्रंथ हाताळते आहे, नवऱ्याबरोबर पानं लिहिते आहे, तेही कुणाला कळू न देता, हे दृश्य मी मनाशी बरेचदा पाहिलं आहे. दिव्याची वात, मुलांची निजानीज, दारावर कुणी आलं की पानं झाकणं. हे माझं कल्पनेतलं, पण प्रत खरी आणि लक्ष्मीबाईही खऱ्या.

ती प्रत घेऊन गजपतिशास्त्री कुठे आले? सोलापूरला. हिराचंद शेठजींच्या दारी. मोबदला देऊन ही ठेवून घ्या म्हणाले. शेठजींनी नकार दिला.

या नकाराबद्दल मी शेठजींना दोष देत नाही. मूडबिद्रीकरांची परवानगी त्यांच्या शब्दावर मिळालेली होती, आणि व्यापाऱ्याचा शब्द म्हणजे त्याचं भांडवल. पण कौल मागाल तर माझा कौल गजपतिशास्त्री नि लक्ष्मीबाईंच्या बाजूने आहे. शास्त्र कपाटात कोंडण्यासाठी केलेली प्रत दुप्पट झाली तरी कोंडलेलीच. ती दाराबाहेर नेली तेव्हा शास्त्रदान झालं. त्यांना पैसे हवे होते, हेही खरं. नाराच्या लेखनिकांनाही हवे होते. मजुरी घेतली म्हणून पुण्य नासत असेल तर जगातला एकही ग्रंथ पवित्र उरणार नाही.

शास्त्रीजी उत्तरेला गेले. सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादांनी ती प्रत घेतली आणि आपल्या मंदिरात ठेवली. तिथे कानडी वाचायला विजयचंद्रय्या आणि नागरीत लिहायला सीताराम शास्त्री, अशी जोडी बसवण्यात आली. इतिहासाने इथे पुन्हा तीच खोडी काढली. सीताराम शास्त्रींनीही लालाजींना प्रत देताना स्वतःजवळ एक प्रत ठेवली, आणि तिच्यावरून प्रती होत होत त्या अमरावती, कारंजा, आरा अशा गावोगावी पोचल्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे हिरालाल जैन यांनी या प्रती समोर ठेवून धवलेचा पहिला भाग १९३९ मध्ये छापला. पुढची जवळजवळ वीस वर्षं एकामागून एक असे सोळा भाग निघाले. छापील ग्रंथ हाती पडल्यावर मूडबिद्रीकरही वितळले आणि मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहू देऊ लागले.

ताडून पाहणं किती जरुरीचं होतं, त्याचा एक नमुना जुळाऱ्याच्या डोळ्याने दाखवतो. पहिल्या भागातल्या ९३व्या सूत्रात मनुष्य-स्त्रीला कोणकोणत्या गुणस्थानांत म्हणजे आत्म्याच्या चढत्या पायऱ्यांवर पाहता येतं, याची यादी आहे. हातातल्या प्रतींत यादी ‘संजदासंजद’ या पदावर थांबत होती; त्याचा अर्थ अर्धा संयम पाळणारी श्राविका. हिरालालजींना विषयाच्या ओघावरून शंका आली की यापुढे ‘संजद’ हेही पद हवं, म्हणजे पूर्ण संयमी, साध्वीच्या पायरीची. त्यांनी ते तळटीपेत नोंदवलं. समाजात वादळ उठलं, कारण स्त्रीला त्याच जन्मात मोक्ष नाही हे दिगंबरांचं मत आणि एका पदामुळे ते हलतंय की काय, असं लोकांना वाटलं. सभा झाल्या, लेखांवर लेख आले. मूडबिद्रीचं ताडपत्र उघडून पाहिलं तर ‘संजद’ तिथे होतं. ते पद भाव-स्त्रीबद्दल आहे, शरीराने स्त्री असलेल्यांबद्दल नाही, असा अर्थ मग पंडितांनी लावला.

पंडितांचं पंडित पाहोत. मला दिसतं ते एवढंच की ‘संजदासंजद’ लिहून झाल्यावर लेखनिकाने नजर मूळ पानाकडे वळवली, तिला शेवटचं ‘संजद’ दिसलं, आणि हे आपण लिहिलं असं समजून हात पुढे गेला. आमच्या धंद्यात ही चूक रोजची. दोन ओळी एकाच शब्दाने संपल्या की मधली ओळ हमखास पडते. पाली सुत्तांमध्ये तर तेच तेच वाक्य इतक्यांदा येतं की जुन्या लेखनिकांनी ‘पे’ अशी खूण ठरवून टाकली: पुढचं मागच्यासारखंच समजा. धम्मपद उतरवताना माझ्याही हातून अशी पदं सुटतात आणि प्रत्येक वग्ग संपला की मी पुस्तकाशी ताडून पाहतो. मुद्रितशोधनाशिवाय केलेल्या भक्तीवर माझा विश्वास नाही.

पोथीची काळजी पुढेही अनेकांना लागली. महाधवलेचा काही भाग किड्यांनी खाल्ल्याचं कळल्यावर आचार्य शांतिसागर महाराजांनी १९४४ मध्ये कुंथलगिरीला असताना हे ग्रंथ तांब्याच्या पत्र्यांवर उतरवण्याची कल्पना मांडली, आणि ते ताम्रपट फलटणला झाले. मिंडॉन राजाच्या संगमरवराचंच हे मराठी मुलुखातलं भावंड.

आणि सोलापूर? इथल्या जीवराज गौतमचंद दोशींनी आधी तीस हजार रुपये देऊन ग्रंथमाला उभी केली आणि १९४४ मध्ये दोन लाखांच्या घरातली आपली सगळी मिळकत जैन संस्कृती संरक्षक संघाच्या नावे करून टाकली. धवलेच्या जुन्या आवृत्त्या संपल्यावर १९७३ पासून तिचे सुधारलेले भाग पुन्हा छापले ते फलटण गल्लीतल्या याच संघाने. जी प्रत सोलापूरच्या दारातून परत गेली होती, तिचा वंश सोलापुरातच छापून निघाला.

माझं एक सांगणं आहे, ते या ग्रंथांच्या प्रकाशकांना आणि आमच्या विहारांच्या समित्यांनाही. ग्रंथाच्या पहिल्या पानावर आपण लेखक, संपादक, देणगीदार नि मुद्रणालय छापतो. त्याखाली एक ओळ वाढवा. धवलेच्या पुढच्या आवृत्तीत ब्रह्मसूरी शास्त्री, गजपती शास्त्री, लक्ष्मीबाई, विजयचंद्रय्या आणि सीताराम शास्त्री ही पाच नावं घाला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या पुढच्या आवृत्तीत नानकचंद रत्तूंचं घाला. आणि तुमच्या घरी आजीच्या पेटीत एखादी हाताने लिहिलेली पोथी, मग ती कुठल्याही धर्माची असो, पडून असेल तर ती नदीत सोडण्याआधी तिचं शेवटचं पान उघडून लिहिणाऱ्याचं नाव तेवढं वाचा.